मोनोशॉकच्या लिंकेजला सेन्सर लावायचाय? पॉट, हॉल, दांडीवाला की आयएमयू

गेल्या महिन्याभरात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक आपला ट्रेलवर जाणारा दोस्त, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ वाला, त्याला बघायचंय की गगनबावड्याच्या रस्त्याला मागचा शॉकअप नक्की किती दबतोय आणि शेवटाला टेकतोय का नाय. दुसरा कॉलेजचा पोरगा, त्यानं प्रोजेक्टला लिंकेजवाल्या मोटरसायकलचं मागचं सस्पेन्शन घेतलंय आणि त्याला डॅम्पिंगसाठी, म्हणजे शॉकअप उड्या कशा मारू देत नाय ते बघायला, शॉकअपच्या स्पीडचा हिस्टोग्राम (कुठल्या स्पीडला किती वेळ, त्याचा ग्राफ) काढायचाय. दोघांचं एकच, "दादा, कुठला सेन्सर घेऊ?" मी दोघांना वेगवेगळं सांगितलं आणि नेमके दोघं एकाच चहाच्या गाड्यावर भेटले, मग काय, ह्याला एक सांगतोस अन मला एक म्हणून माझीच उतरवली. म्हणून आता सगळं एका जागी लिहितोय, मी स्वतः काय लावलं, काय फेकलं, आणि कुणी काय घ्यावं.

लिंकेज माहिती असेल तर हा पॅरा सोडा. साध्या मोनोशॉकमध्ये, म्हणजे मागं एकच शॉकअप असतो त्यात, शॉकअपचं खालचं टोक थेट चिमट्याला (स्विंगआर्म, मागचं चाक धरणारा) असतं, केटीएम ड्यूक ३९० ला तसंच आहे. लिंकेजवाल्या गाडीत मध्ये एक तिकोनी रॉकर येतो, त्याला बेल क्रँक पण म्हणतात, आणि सोबत पट्ट्या, ज्यांना डॉगबोन म्हणतात. १९८० च्या आसपास जपानी कंपन्यांनी मोटोक्रॉसच्या गाड्यांत हे आणलं, कावासाकीचं युनि-ट्रॅक, होंडाचं प्रो-लिंक, सुझुकीचं फुल फ्लोटर, नावं वेगळी पण डोकं तेच. चाक वर जाईल तसा रॉकर फिरतो आणि शॉकअप सुरवातीला कमी अन शेवटी जास्त दबतो. म्हणजे समजा सुरवातीचे १० मिमी चाक हललं तर शॉकअप ३ मिमी दबला, पण शेवटच्या १० मिमीला ४ मिमी दबला. बारीक खड्ड्याला मऊ, मोठ्या दणक्याला कडक. हिमालयन ४११ ला हेच आहे, मागच्या चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वरखाली हलतं ते अंतर, १८० मिमी.

आणि मापायची सगळी गोची पण इथंच आहे. शॉकअपवर सेन्सर लावला तर कळतं शॉकअप किती हलला, चाक किती हललं ते नाय. चिमट्यावर लावला तर उलटं. मधलं गणित सरळ रेषेत नसतं, त्यामुळं "तीननं गुणलं की झालं" असं चालत नाय, आणि तीन-चार हजार घालून सेन्सर आणणाऱ्या पोरांतली निम्मी पोरं नेमकं तेच करतात.

म्हणून सेन्सर विकत घ्यायच्या आधी टर्नबकल घ्या. चेष्टा नाय करत. कोल्हापुरात उद्यमनगरात हार्डवेअरच्या दुकानात एम१६ चा टर्नबकल मिळतो, मध्ये सांगाडा आणि दोन्ही टोकाला बोल्ट, एकाला उजवे आटे एकाला डावे. एम१६ चा पिच २ मिमी, दोन्ही टोकं एकदम आत येतात म्हणून सांगाड्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे बरोब्बर ४ मिमी. दोन्ही टोकाला शॉकअपच्या बोल्टच्या मापाचे बुश टर्नरकडून करून वेल्ड करून घेतले की झाला डमी शॉकअप. फक्त विकत घेताना बघा की पूर्ण आवळल्यावर तो दबलेल्या शॉकअपपेक्षा आखूड होतोय, नायतर शेवटचे २० मिमी मापताच येत नाहीत आणि गंमत तर सगळी त्या शेवटच्या २० मध्येच असते.

आम्ही रविवारी दुपारी दोस्ताच्या शेडमध्ये हे केलं. माझी गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक काढलेलं, शॉकअप काढून त्या जागी टर्नबकल पूर्ण लांबीला. अ‍ॅक्सलच्या बरोबर वर टेलच्या फ्रेमला मार्करनं एक रेघ मारली आणि तिथनं अ‍ॅक्सलच्या सेंटरपर्यंत टेप. मग एक फेरा, टेप वाच, लिही. एक फेरा, टेप वाच, लिही. साठ मिमीच्या स्ट्रोकला (शॉकअप पूर्ण दबतो ते अंतर) १५ फेरे, अर्ध्या तासाचं काम, दोस्त पाना फिरवतोय आणि मी जुन्या बिलाच्या पाठीमागं आकडे लिहितोय. शॉकअपची स्प्रिंग काढायची गरज नाय, स्प्रिंग कॉम्प्रेसर नसताना असलं धाडस करूच नका, दात पडतील. टर्नबकलवर फक्त चिमट्याचं वजन असतं त्यामुळं तो वाकायचा प्रश्न नाय.

माझे आकडे इथं देत नाय कारण तुमच्या गाडीला ते लागू नाहीत, त्याच मॉडेलला पण पट्ट्या बदललेल्या असल्या की सगळा कर्व्ह बदलतो. पण एक गोष्ट सांगतो जी त्या दिवशी दिसली. सातव्या का आठव्या फेऱ्याला टर्नबकल लॉकनटनं घट्ट केलेला असताना दोस्तानं सहज अ‍ॅक्सल हातानं उचलला तर टेपवर ४ मिमीचा फरक. चार मिमी! शॉकअपच्या जागी लोखंडाची कांब आहे, म्हणजे हलायला नको, तरी हलतंय. रॉकरचा बोल्ट काढला तर आत ग्रीसच्या जागी वाळलेली लाल माती आणि बुश अंडाकृती झालेला, दोन वर्षं ग्रीसिंग केलं नव्हतं, चूक माझीच. आता विचार करा, शॉकअपवर लाखाचा सेन्सर लावला असता तरी हे ४ मिमी त्याला कधीच दिसले नसते, कारण ढिलेपणा शॉकअपच्या पुढं, लिंकेजमध्ये आहे. चिमट्यावर शंभर रुपयाचा लावला असता तर दिसले असते. सेन्सर कुठला ह्याच्या आधी सेन्सर कुठं, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं.

आणि ह्याच टर्नबकलवर कॅलिब्रेशन पण करायचं. जो काय सेन्सर लावाल तो लावून परत तेच १५ फेरे, दर फेऱ्याला व्होल्ट आणि चाकाची उंची लिहायची. असं टेबल बनवलं की सेन्सर थोडा तिरका बसलाय, दांडी समांतर नाय, रॉकरचा कोन वाकडा आहे, ह्या सगळ्या चुका त्या टेबलातच मुरतात. ट्रिगोनोमेट्री करत बसायची गरज नाय.

आता एकेक सेन्सर.

लिनिअर पॉट, म्हणजे दांडी आत-बाहेर होणारा पोटेन्शियोमीटर. रेसिंगमध्ये शॉकअपच्या बाजूला जी बारीक काळी नाहीतर चंदेरी नळी दिसते ती हीच. शॉकअपला समांतर बसवायचा, दबला की रेझिस्टन्स बदलतो, व्होल्ट बदलतात, विषय संपला. सिग्नल स्वच्छ, लॅग नाय, डोकं लावायला लागत नाय. एआयएम, मोटेक, पेनी अँड जाइल्स असल्या कंपन्यांचे घ्यायला गेलात तर एकाच पॉटला पाच आकडी बिल होऊ शकतं, ऑनलाइन बिननावाचे दोन-चार हजारात मिळतात आणि आपल्या कामाला ते पण चालतात, फक्त दोन गोष्टी. स्ट्रोक शॉकअपच्या स्ट्रोकपेक्षा किमान १५ मिमी जास्त घ्या, म्हणजे ६० ला ७५ चा. बरोबर मापाचा घेतला तर टेकल्यावर बंप स्टॉपरचं, म्हणजे शेवटचा दणका झेलणारं, रबर दबतं तेवढ्यात पॉट आतून ठोकला जातो आणि तुमचा पॉट हाच बंप स्टॉपर होतो. दुसरं, दोन्ही टोकाला रॉड एंड बेअरिंग (सगळीकडं वळणारा गोळीचा जॉइंट) पाहिजेच, एक टोक क्लॅम्पनं घट्ट आवळलं की दांडी वाकलीच समजा.

माझा पहिला पॉट पाण्यानं मेला. विकणाऱ्यानं वॉटरप्रूफ लिहिलं होतं, मी पण येड्यासारखा दांडीचं तोंड वर करून बसवला. जुलैमध्ये गगनबावडा, आता जुलैमध्ये गगनबावड्याला काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, परत येताना साळवणच्या आसपासच्या लॉगमध्ये शॉकअप एका सेकंदात चाळीस वेळा टेकतोय असं दिसतंय. घरी येऊन उघडला तर आतनं चहाच्या रंगाचं पाणी आलं. तेव्हापासून दांडीचं तोंड खाली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि केबल टाय. दुसऱ्या पॉटनं एक अख्खा पावसाळा काढलाय.

लिनिअर पॉटची खरी ताकद स्पीड काढताना दिसते. ७५ मिमीचा पॉट आर्डुइनो उनो ह्या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या १० बिटच्या, म्हणजे १०२४ पायऱ्यांच्या, इनपुटला लावला तर एक पायरी साधारण ०.०७ मिमी. ऐकायला भारी वाटतं, पण सेकंदाला ५०० वेळा रीडिंग घेऊन स्पीड काढायला गेलात तर ती एक पायरी म्हणजे ३७ मिमी प्रति सेकंद होते, म्हणजे शॉकअप जागेवर असताना पण स्पीडच्या ग्राफमध्ये करवतीचे दात. तोच पॉट १२ बिटला लावला तर पायरी ०.०१८ मिमी आणि स्पीडची पायरी ९ मिमी प्रति सेकंद. कॉलेजच्या पोराला म्हणूनच सांगितलं की उनोचं इनपुट सोड आणि व्होल्टचे आकडे करणारं एडीएस१११५ चं कार्ड घे, १६ बिट आहे, सेकंदाला ८६० रीडिंग देतं. पण ते ८६० सगळ्या चॅनेलमध्ये वाटून, पुढचा-मागचा दोन्ही लावले की निम्मेच. आणि कार्ड ३.३ व्होल्टवर चालवत असाल तर पॉटला पण ३.३ च द्या, ५ देऊन इनपुट जाळणारे दोघं माझ्या ओळखीचे आहेत, त्यातला एक मी. आणखी एक, हे कार्ड स्वतःच्या आतल्या ठरावीक व्होल्टशी (रेफरन्स) तुलना करून मोजतं त्यामुळं सप्लाय हलला तर रीडिंग हलणार, सप्लाय दुसऱ्या चॅनेलवर मोजून भागाकार केला की ते पण मिटतं.

हॉलचा फिरणारा सेन्सर, म्हणजे मॅग्नेटच्या फील्डवरनं कोन सांगणारा. एएस५६०० चं छोटं कार्ड, वर तरंगणारा चकतीसारखा मॅग्नेट, शे-दोनशे रुपयात येतं, मॅग्नेटला कार्ड टेकत नाय म्हणून घासाघीस नाय, पाण्याचं पण टेन्शन नाय, इपॉक्सीत बुडवून टाका. कागदावर हा एक नंबर वाटतो आणि सगळी पोरं पहिल्यांदा हाच घेतात. मी पण घेतला. मग गाडीखाली झोपलो आणि लक्षात आलं की चिमट्याचा मेन बोल्ट फिरतच नाय! तो फ्रेमला आवळलेला असतो, चिमटा त्याच्याभोवती फिरतो. मॅग्नेट बोल्टच्या डोक्यावर चिकटवला तर आयुष्यभर शून्य रीडिंग. म्हणजे चिमट्यावरनं पट्टी काढून बोल्टच्या बरोबर सेंटरवर मॅग्नेट आणायचा आणि फ्रेमवरनं दुसरी पट्टी काढून त्याच्यासमोर कार्ड, दोन्ही एका रेषेत, अंतर मिमी-दोन मिमी. चिखलात, लाथ मारायच्या जागेला. शिवाय मॅग्नेट लोखंडावर थेट चिकटवला की फील्ड वाकडं होतं, मध्ये पितळेचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा पाहिजे. आणि मॅग्नेट आडवा भारलेला लागतो, म्हणजे चकतीच्या अर्ध्या बाजूला उत्तर अर्ध्या बाजूला दक्षिण, दुकानदार वर-खाली भारलेला साधा देतो आणि मग आपण दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

त्याच्या १२ बिटवर पण भुलू नका. ते १२ बिट पूर्ण ३६० अंशाला आहेत, एक पायरी ०.०८८ अंश. चिमटा समजा ५५० मिमीचा आणि चाकाचा ट्रॅव्हल १८० धरला तर चिमटा फिरतो किती, १९ अंशाच्या आतबाहेर. म्हणजे ४०९६ पैकी कामाच्या पायऱ्या सव्वादोनशे पण नाहीत, आणि चाकाला एक पायरी जवळपास ०.८४ मिमी. सॅग, म्हणजे वजन पडल्यावर गाडी किती बसते ते, मोजायला, टेकतंय का बघायला हे भरपूर झालं, पण ह्याच्यावरनं स्पीडचा हिस्टोग्राम काढायचा नाद करायचा नाय. रॉकरवर लावला तर बरं, रॉकर चिमट्यापेक्षा बराच जास्त फिरतो, ५० अंश फिरला तर पायऱ्या साडेपाचशेच्या वर जातात. पण रॉकर खाली, चाकाच्या पुढं, सगळा चिखल झेलत. ब्रॅकेट कुठनं काढणार ते आधी गाडीखाली झोपून बघा, मग ऑर्डर करा. आणि पुढं-मागं दोन कार्डं एकाच वायरवर लावायचा विचार असेल तर दोघांचा पत्ता एकच असतो, मध्ये आळीपाळीनं एकेकाला जोडणारा मल्टिप्लेक्सर लागतो.

आता माझा लाडका. झेनॉन हेडलाइटच्या मोठ्या कारमध्ये मागच्या सस्पेन्शनला एक छोटा सेन्सर असतो, मागं माणसं-सामान भरलं की हेडलाइट खाली करायला. काळा डबा, त्याला बोटाएवढी दांडी, दांडीला बॉल जॉइंट आणि लिंक. जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्याकडं घासाघीस करून मिळतो, आणि भावा, तो बनवलाच आहे गाडीच्या पोटाखाली पाण्यात, मिठात, दगडात दहा-पंधरा वर्षं राहायला. आपण जे ट्यूब आणि इपॉक्सी लावून जुगाड करतो ते त्याच्यात फॅक्टरीतनं आलेलं असतं. बहुतेकांना तीन वायर, ५ व्होल्ट द्या, मधल्या पोझिशनला अडीचच्या आसपास व्होल्ट येतात. मल्टिमीटर घेऊन दुकानातच चेक करा, काहींचं आउटपुट साध्या व्होल्टचं नसून पल्सचं असतं, ते परत ठेवा.

ह्याचा फायदा असा की चिमट्याच्या पिव्हटवर नेम धरत बसायचं नाय. डबा फ्रेमवर, लिंक चिमट्यावर कुठंही. पिव्हटपासनं १०० मिमीवर लिंक लावली तर वरच्या गाडीच्या हिशोबानं तो पॉइंट ३३ मिमी हलतो, सेन्सरची दांडी ४० मिमीची असली तर ती ४८ अंशाच्या आसपास फिरते. चिमटा १९ आणि दांडी ४८, गिअरिंग फुकटात. लिंक पुढं-मागं सरकवून रेंज पाहिजे तशी घ्या, फक्त दोन्ही टोकाला दांडी आणि लिंक एका सरळ रेषेत येऊन उलटी पडणार नाही एवढं टर्नबकलवरच फिरवून बघा. रॉकरच्या बुशचा ढिलेपणा पण ह्याला दिसतो कारण हा थेट चिमट्यावर आहे.

खोट एकच, पण मोठी. हा सेन्सर हेडलाइटसाठी आहे, हेडलाइटला घाई नसते. काहींच्या आतच सिग्नल सावकाश करणारा फिल्टर असू शकतो. हातात घेऊन दांडी झटक्यात सोडा आणि लॉग बघा, व्होल्ट लगेच पोचले तर घ्या, मागनं रेंगाळत आले तर तो सॅग मोजण्यापुरताच. मला पहिला मिळाला तो रेंगाळणारा होता, दुसरा एकदम झटका. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ.

आयएमयू, म्हणजे एमपीयू६०५० वगैरे हालचाल मापणाऱ्या चिपा, आत अ‍ॅक्सलरोमीटर (प्रवेग मापणारा) आणि जायरो (फिरायचा वेग मापणारा). त्यावरनं अंतर काढायचं तर रीडिंगची बेरीज करत जायची, म्हणजे इंटिग्रेट करायचं. "अ‍ॅक्सलला एक लावतो, सीटखाली एक, दोनदा इंटिग्रेट करतो, पोझिशन आली." नाय येत. समजा सगळं कॅलिब्रेशन करून पण अ‍ॅक्सलरोमीटरमध्ये ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक उरली, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढी, तर १० सेकंदात ती चूक वाढून अर्धा मीटर होते. तुमचा शॉकअप ६० मिमीचा आणि चूक ५०० मिमीची. त्यातल्या त्यात चालणारी युक्ती म्हणजे अ‍ॅक्सलरोमीटर सोडून जायरो वापरा, एक चिमट्यावर एक फ्रेमवर, दोघांची वजाबाकी म्हणजे चिमट्याचा फिरायचा वेग, तो एकदाच इंटिग्रेट करायचा. तरी ०.१ अंश प्रति सेकंद चूक उरली तर १० सेकंदात एक अंश, म्हणजे चाकाला साडेनऊ मिमी. खड्ड्याचा आकार दिसेल, सॅग दिसणार नाय. कॉलेजच्या पोराला हे पेपर लिहायला आवडेल, ट्रेलवाल्यानं लांब राहावं.

लेझरचं छोटं कार्ड, व्हीएल५३एल०एक्स, मडगार्डखाली लावून टायर बघायचं? सेकंदाला जास्तीत जास्त ५० रीडिंग. ४० च्या स्पीडला दोन रीडिंगमध्ये गाडी २२ सेंटीमीटर पुढं गेलेली असते, म्हणजे फूटभर खड्ड्यात एक नाहीतर दोन रीडिंग. वर ऊन आणि काचेवर चिखल. सोडा. दोरीवाला सेन्सर, म्हणजे दोरी किती बाहेर आली ते मापणारा, बेंचवर झकास, गाडीवर चाक झटक्यात वर आलं की आतली स्प्रिंग दोरी तेवढ्या वेगानं ओढू शकत नाय, दोरी ढिली पडते. तो पण सोडा.

आणि ज्याला फक्त टेकतंय का नाय एवढंच बघायचंय त्यानं शॉकअपच्या चंदेरी दांड्याला एक केबल टाय बांधावा, जरा सैल, हातानं सरकेल एवढा. शॉकअपच्या जाड बॉडीला टेकेपर्यंत सरकवायचा, पन्हाळ्याला वाघबीळावरनं एक चक्कर मारायची, परत येऊन बघायचा कुठं गेलाय. एक रुपया. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्यांना एवढंच पाहिजे असतं, पण केबल टायचा ग्राफ काढून दोस्तांना पाठवता येत नाय ना. लिंकेजवाल्या काही गाड्यांत मात्र दांडा स्प्रिंग आणि रबराच्या आड असा लपलेला असतो की बोट पण जात नाय, तिथं नाइलाज.

लॉगिंगचं थोडक्यात. चाकाची स्वतःची उडी सेकंदाला १०-१५ वेळा असते, म्हणून नुसती पोझिशन बघायला सेकंदाला १०० रीडिंग पुरतात, स्पीड काढायला ५०० धरा. एक सिलिंडरचं इंजिन ४००० आरपीएमला सेकंदाला ६७ वेळा हादरतं आणि ते ब्रॅकेटमधनं सेन्सरमध्ये येतं, ब्रॅकेट जाड पत्र्याचा करा, इनपुटला एक किलोओहम आणि एक मायक्रोफॅराडचा साधा फिल्टर टाका, १६० हर्ट्झच्या वरचा कचरा दबतो. मेमरी कार्डवर प्रत्येक रीडिंग लगेच लिहायला गेलात तर कार्ड मध्येच श्वास घेतं आणि तेवढा डेटा जातो, आधी बफरमध्ये भरा मग एकदम लिहा. सप्लाय गाडीच्या बॅटरीवरनं न घेता पॉवर बँकवरनं घ्या, चार्जिंगचा गोंगाट येत नाय, पण काही पॉवर बँका करंट कमी दिसला की फोन चार्ज झाला समजून झोपतात. जोतिबाच्या डोंगरावर चढताना अख्खा लॉग कोरा गेलाय माझा ह्याच्यामुळं.

तर ट्रेलवाल्याला मी कारवाला दांडीचा सेन्सर सांगितला. त्याला सॅग पाहिजे, १८० च्या ३० टक्के म्हणजे ५४ मिमीच्या आसपास बसतोय का, सामान लादल्यावर किती जातो, आणि टेकतो कुठं. ही सगळी चाकाची मापं आहेत, चिमट्यावरनंच घ्यावीत, आणि त्याला चिखलातनं जायचंय. कॉलेजच्या पोराला लिनिअर पॉट, कारण डॅम्पिंग शॉकअपच्या आत होतं, चाकात नाय, त्याला शॉकअपचाच स्पीड पाहिजे आणि मध्ये लिंकेजचा ढिलेपणा नको. त्याची गाडी कॉलेजच्या ग्राउंडवर फिरणार, पाण्याचा प्रश्न नाय. ड्यूकवाल्यांना, म्हणजे लिंकेज नसलेल्यांना, डोळे झाकून पॉट. एएस५६०० मी कुणालाच सांगितला नाय, ज्याच्याकडं लेथ आहे आणि ज्याला ब्रॅकेट बनवायची हौस आहे त्यानं रॉकरवर लावून दाखवावा, मी चहा पाजतो.

माझ्या गाडीवर सध्या दोन्ही आहेत, शॉकअपवर पॉट आणि चिमट्यावर दांडीवाला. आधी हौस म्हणून लावले, पण आता ह्याच्यासाठी ठेवलेत की टेबलातनं दोघांवरनं चाकाची उंची काढायची आणि वजाबाकी करायची. बुश नवे टाकले तेव्हा वजाबाकी जवळपास सपाट रेघ होती. ऊसाचा सीझन सुरू झाल्यावर, डबल ट्रॉल्यांनी रस्त्याची जी काय वाट लावली त्याच्यावरनं रोज ये-जा करून, आता त्या रेघेला दणका बसला की बारीक काटा उठायला लागलाय, अजून मिमीभराच्या आतच आहे. ग्रीस गन भरून ठेवलीय, ह्या रविवारी रॉकर उघडणार. टर्नबकल दोस्ताच्या शेडमध्ये खिळ्याला लटकवलाय, ओळखीतल्या कुणाला पाहिजे असला तर न्या, फक्त तुमच्या बोल्टच्या मापाचे बुश तुमचे तुम्ही करून आणा आणि परत आणताना लॉकनट हरवू नका.